उबंटू नुकतंच टाकलंय. घरून सर्व्हरवर लॉगिन करायला आणि फाइली पाठवायला सुरक्षित मार्ग कोणता? एफटीपी चालेल का?

नाही. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. एसएसएच (सगळं कूटबद्ध करून दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) वापरा, फाइलींसाठी त्यावरच चालणारं एसएफटीपी. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण 'एफटीपी चालेल का' हा प्रश्न मी एका जुन्या ऑफिसात फार ऐकलाय.

तिथे आमचे एक सीनियर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. क्लायंटच्या सर्व्हरवर फाइली चढवायचं काम माझं आणि हुकूम सरांचा: एफटीपीच. मी एसएफटीपीचं नाव काढलं की, "अरे, पासवर्ड तुला आणि मला सोडून माहितीये कोणाला?" एकदा त्यांना माझ्या मशीनवर बसवलं, वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) चालू केलं आणि म्हटलं, करा लॉगिन. पासवर्ड उघडावाघडा समोर, मुलीचं नाव आणि जन्मसाल. शेजारचे हसले. सर म्हणाले, "तुझंच मशीन, म्हणून दिसतंय." वाटेतलं राउटर ज्याच्या हातात त्यालाही दिसतं, हे त्यांना पटेना. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेले, त्यावरून तातू उलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, हेही सांगून पाहिलं. "फिनलंडचं फिनलंडमध्ये," म्हणाले. एफटीपी चालूच राहिलं.

असो, तुमचं बघू. एसएसएचचा क्लायंट प्रोग्राम उबंटूत असतोच. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची की (पब्लिक आणि प्रायव्हेट अशी फाइलींची जोडी) बनवा, तिला पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, द्या, एसएसएच-कॉपी-आयडीने पब्लिक की सर्व्हरवर टाका. प्रायव्हेट की कोणालाही मेल करायची नाही, अॅडमिनने मागितली तरी. कीने लॉगिन जमलं की सर्व्हरवरच्या एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन 'नो' करून एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू सेशन मात्र तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून तपासा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. क्लाउडवरच्या उबंटूत एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधली क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा सेट करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल तेच परत 'यस' करून बसलेली असू शकते, तीही बघा. मोठा फोल्डर आणि रडकं नेट असेल तर फक्त राहिलेलं-बदललेलं पाठवणारं आरसिंक वापरा.

कोणीतरी सांगेलच की पोर्ट २२ (सर्व्हरवरचा एसएसएचचा नेहमीचा दार-क्रमांक) बदला, झालं सुरक्षित. सरही शेवटी शेवटी हेच सांगायला लागले होते. त्याने लॉगमधला कचरा कमी होतो, बास. काही बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) सगळे पोर्ट चाळतात. कुलूप बदलायचं सोडून घराचा नंबर बदलण्यातली गत.

हां, सगळ्यांना उघड्या असलेल्या फाइली निनावी लॉगिनने उतरवायच्या असतील तर एफटीपीत चोरण्यासारखा पासवर्डच नसतो, एवढं सरांचं मान्य. पण वाटेत फाइल कोणी बदलली तर कळणार नाही, तेव्हा चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासा. एसएसएचने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या कीचं फिंगरप्रिंट (ओळखखूण) दाखवून विचारलं जातं, तिथेही डोळे मिटून 'यस' टाइप करू नका. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एसएसएच मिळेलच असं नाही. मग निदान एफटीपीएस (कूटबद्ध केलेलं एफटीपी) मागा, आणि तेही देत नसतील तर होस्टिंग बदला.