वाचकांचे प्रश्न : एकमेकांचे लेख बुकमार्क करावेत का?

प्रश्न : आम्ही काही ब्लॉगलेखक एकत्र आलो असून, कोणाचाही नवा लेख प्रसिद्ध होताच इतरांनी तो सोशल बुकमार्किंगच्या, म्हणजे आवडलेल्या पानांचे दुवे सर्वांना दिसतील असे साठवण्याच्या, संकेतस्थळांवर साठवावा आणि त्याला मत द्यावे, असे ठरवले आहे. यामुळे वाचक वाढतील का? यात काही गैर आहे का?

उत्तर : परस्परांना साथ देण्यात गैर काहीच नाही, लेख वाचलेला असो वा नसो, मत द्यायचेच, ही अट मात्र गैर आहे. जोशुआ शॅक्टर यांनी 2003 मध्ये डेलिशस हे असे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा लोक तेथे मुख्यतः स्वतःच्या सोयीसाठी दुवे साठवत, त्यांना टॅग (विषय सांगणारे शब्द) देत, आणि या साठवणीतूनच अनोळखी माणसांनाही वाचनीय मजकूर सापडत असे. एकमेकांना न विचारता अनेकांनी तोच दुवा जपला, म्हणूनच त्या संख्येवर विश्वास ठेवता येत होता. ठरवून दिलेल्या मतांमुळे नेमका तोच विश्वास नाहीसा होतो. दुवे देऊन त्यांवर मते घेणाऱ्या रेडिट या संकेतस्थळाच्या नियमांनुसार संगनमताने मते देण्यास मनाई आहे आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते.

शोधयंत्रात वरचे स्थान मिळेल ही आशाही फारशी धरू नये. बाहेरच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ ही खूण (हा दुवा क्रमवारीसाठी मोजू नये, असे शोधयंत्राला सांगणारी) लावण्याची सोय 2005 पासून आहे आणि वापरकर्त्यांनी दिलेल्या दुव्यांना ती लावण्याची पद्धत सर्रास रूढ आहे. 2019 मध्ये गूगलने ती खूण आदेश न मानता केवळ संकेत मानण्याचे जाहीर केले, हे खरे. पण दुव्यांची अतिरेकी देवाणघेवाण आणि निकृष्ट बुकमार्किंग संकेतस्थळांवरील दुवे यांची गणना गूगलचे धोरण स्पॅममध्येच करते.

मग साथ द्यायची कशी? सहकाऱ्याचा लेख आधी पूर्ण वाचावा आणि तो पुन्हा उघडावासा वाटला तरच साठवावा. साठवताना शीर्षक तसेच न चिकटवता, हा लेख कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणाच्या उपयोगाचा आहे, हे दोन ओळींत आपल्या शब्दांत लिहावे. अनोळखी वाचक दुवा उघडतो तो अशा टिपणामुळे, आणि ते लिहिण्याचे कष्ट लेख वाचलेला माणूसच घेतो. माझ्या मते एका सहलेखकाला यापेक्षा मोठी मदत करता येत नाही. लेख स्नेह्याचा असेल, तर तसे त्या टिपणातच नोंदवावे.

याहून पुढे जायचे असेल, तर विषयवार सामायिक संग्रह उभा करावा. डीगो या बुकमार्किंग सेवेवर गट करून दुवे एकत्र साठवता येतात, पानावरील ओळी अधोरेखित करून त्यांवर टिपणेही जोडता येतात. समजा, तुमच्यातील काही जण आकाशनिरीक्षणावर लिहितात. त्यांनी दुर्बिणीची निवड, ग्रहणे, उल्कावर्षाव असे टॅग आधी ठरवून घ्यावेत, म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या टॅगांखाली विखुरणार नाही. या संग्रहात गटाबाहेरच्या लेखकांचे उत्तम लेख अवश्य असावेत. केवळ आपल्याच लेखांची यादी ही जाहिरात ठरते, आणि वाचकाला ते लगेच कळते. जुने लेखही विसरू नयेत. नवा लेख त्या दिवसापुरता सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, तर जुन्या चांगल्या लेखाला कोणीतरी पुन्हा वर काढावे लागते.

प्रश्न : असे संकेतस्थळच बंद पडले, तर संग्रहाचे काय?

उत्तर : ही भीती रास्त आहे. डेलिशस 2005 मध्ये याहूकडे गेले, 2011 मध्ये पुन्हा विकले गेले, आणि 2017 मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्किंग सेवेने ते विकत घेऊन नव्या नोंदी थांबवल्या. दुवे सुचवणाऱ्या वा साठवणाऱ्या इतर सेवांपैकी स्टंबलअपॉन 2018 मध्ये, गूगल बुकमार्क्स 2021 मध्ये आणि पॉकेट 2025 मध्ये बंद झाले. म्हणून ज्या सेवेत ‘एक्सपोर्ट’ची सोय आहे, तीच निवडावी आणि ठराविक काळाने संपूर्ण यादी एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घ्यावी, ही फाइल बहुतेक ब्राउझरमध्ये पुन्हा आणता येते. फाइलमध्ये केवळ दुवे राहतात, लेखांचा मजकूर नाही, त्यामुळे गटाच्या दृष्टीने मोलाचे लेख वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही जतन करावेत.