राक्षसाची लाळ आणि व्हीएचएसचा लाल रंग

प्रश्न : 1980-90च्या दशकांत थेट व्हिडिओ कॅसेटवर (व्हीएचएसवर) निघालेल्या स्वस्त अमेरिकी विज्ञान-भयपटांत राक्षसाच्या तोंडातून लोंबणारी लाळ कशाची असे? लघुपटासाठी मिथाइल सेल्युलोज (पाणी दाट करणारी पूड) आणलं, पण नुसत्या गुठळ्या झाल्या.

उत्तर : पूड बरोबर आणलीत. ती थेट गार पाण्यात टाकली असणार. ही पूड उलट्या स्वभावाची : विरघळते गार पाण्यात, गरम पाण्यात नाही. गारात पडताच गोळ्यावर बाहेरून चिकट थर चढतो, आतली पूड कोरडीच राहते. म्हणून 300 मिली पाणी 80-85 अंशांपर्यंत तापवा, ढवळत ढवळत 20 ग्रॅम पूड भुरभुरवा. ताकासारखं गढूळ दिसेल, ते ठीकच. सगळी पूड भिजली की 700 मिली बर्फगार पाणी ओता, ढवळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत बुडबुडे निघून लाळ नितळ होते. एकतारी पाकासारखी तार सुटली पाहिजे. दाटपणा पुडीच्या ग्रेडप्रमाणे बदलतो, तेव्हा आधी पाव लिटर करून बघा. दिवा मागून लावा, समोरच्या उजेडात ती नुसतं पाणी वाटते. तापत्या दिव्याखाली सुकून पापुद्रा धरते, म्हणून फवारणीची बाटली जवळ हवी.

प्रश्न : रंग लाल द्यावा की हिरवा?

उत्तर : जुन्या कॅसेटचा बाज हवा असेल तर हिरवा. व्हीएचएसवर रंगाचा तपशील फार कमी मावतो. गडद लाल कडेबाहेर पसरतो आणि लाळेची तार दिसेनाशी होते.