रात्रपाळीतला दिवाळी अंक

परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास, आणि बहुधा आवाज खाली आणून विचारतात. "मॅडम, मी आयुष्यात एकही इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. स्पीकिंगला वाचनाच्या सवयीविषयी विचारलं तर काय सांगू?" या प्रश्नात इंग्रजीची भीती असते, पण त्याहून जास्त लाज असते, असे मला इतक्या वर्षांत वाटत आले आहे. वाचन म्हणजे जाडजूड इंग्रजी कादंबरी, आणि ती न वाचणारा माणूस परीक्षकासमोर उघडा पडणार, अशी काहीशी समजूत त्यामागे असते. ती किती महागात पडू शकते, हे मिरजेच्या एका परिचारिकेच्या अनुभवावरून सांगते. तिला येथे मीनल म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीनल बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सहा वर्षे रुग्णालयात काम केलेली मुलगी. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करण्यासाठी तिला लेखनात ६.५ आणि वाचन, श्रवण, संभाषण या तिन्हींत प्रत्येकी ७ बँड (या परीक्षेतले गुण) हवे होते. बाकी सगळे जमले होते. संभाषणात मात्र ६ वर अडकली होती. ती आली तेव्हा तिच्या हातात दोनशे पानी वही होती. शिकवणीवर्गात उतरवून दिलेली उत्तरे तिने त्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिली होती आणि अवघड शब्दांखाली लाल शाईने रेघा ओढल्या होत्या. वाचनाच्या पानावर पहिलेच वाक्य होते, "आय ॲम अ व्होरेशियस रीडर," म्हणजे मी अधाशासारखी वाचते. त्याखाली एका प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाचे आठ ओळींत कौतुक होते. ते पुस्तक तिने पाहिलेलेसुद्धा नव्हते.

परीक्षेत नेमका वाचनावरच प्रश्न आला. तिने पहिली दोन वाक्ये धडाधड म्हटली. परीक्षकाने शांतपणे विचारले, तुम्ही साधारण कुठे बसून वाचता? वहीत याचे उत्तर नव्हते. "मला एवढंसुद्धा सांगता येईना, मॅडम. कुठे वाचते म्हणून सांगू? मी वाचतच नव्हते ना ते." त्या क्षणी बसलेला धक्का पुढच्या दहा मिनिटांत ओसरला नाही, आणि एरवी बरी बोलणारी ही मुलगी पुढे प्रत्येक वाक्य तुटक बोलत राहिली.

मी तिला आधी गुण कशाचे मिळतात ते समजावून सांगितले, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांना तेच नीट माहीत नसते. संभाषणाची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. सुरुवातीला स्वतःविषयीचे साधे प्रश्न, मग हातात दिलेल्या कार्डावरच्या विषयावर एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलणे, आणि शेवटी त्याच विषयाला धरून जरा व्यापक चर्चा. गुण चार गोष्टींना समान असतात: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. तुम्ही काय वाचता, किती वाचता, मुळात वाचता की नाही, याला यात कुठेही गुण नाहीत. "मी फारसे वाचत नाही" हेसुद्धा पूर्ण गुण मिळवून देऊ शकणारे उत्तर आहे. फक्त ते का, पूर्वी वाचत होता का, आता तो वेळ कशात जातो, हे पुढे बोलता आले पाहिजे.

"म्हणजे खोटं सांगितलं तरी चालतं?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता आणि मी त्याचे सरळ उत्तर दिले. खरेखोटे तपासणे हे परीक्षकाचे काम नाही आणि खोट्याचे गुणही कापले जात नाहीत. पण पाठ केलेले बोलणे ओळखायला परीक्षक शिकलेले असतात. शिवाय आठवायला काही नसले की माणूस दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. विचार करताना घेतलेली उसंत वेगळी आणि शब्द सापडत नाही म्हणून झालेली अडखळ वेगळी, हा फरक मूल्यमापनात धरला जातो. मीनलच्या पहिल्या परीक्षेत शब्दही नव्हते आणि विचारही.

मग मी वही मिटायला सांगितली आणि मराठीतच विचारले, "काल झोपण्यापूर्वी शेवटचं काय वाचलंस?"

ती हसली. "काही नाही. नाइटला होते." थोड्या वेळाने म्हणाली, "एक फाटका दिवाळी अंक आहे आमच्या वॉर्डात. पण ते काय वाचन म्हणायचं?"

तो अंक एका रुग्णाचे नातेवाईक नोव्हेंबरात विसरून गेले होते. रात्री बाराची इंजेक्शने देऊन झाली, नोंदी लिहून झाल्या की नर्सिंग स्टेशनच्या दिव्याखाली ती त्यातली एखादी गोष्ट वाचायची. वाचताना एक कान मॉनिटरच्या आवाजाकडे असायचा आणि बेल वाजली की पानात कापसाचा बोळा खूण म्हणून ठेवून उठायचे. एका कथेचे शेवटचे पान कोणीतरी फाडून नेले होते. त्या कथेतली म्हातारी मुलाकडे शहरात राहायला जाते की गावातच राहते, हे त्यामुळे कळत नव्हते, आणि मीनलने मैत्रिणीबरोबर त्याचे तीन वेगवेगळे शेवट रचले होते. हे सांगताना ती पाच मिनिटे न थांबता बोलली. मी म्हटले, हेच आता इंग्रजीत सांग.

पहिल्या वाक्यालाच ती अडली, कारण दिवाळी अंकाला इंग्रजीत शब्द नाही. मला ही अडचण फार मोलाची वाटते. शब्द नसला की फिरवून सांगावे लागते, आणि असे फिरवून सांगता येणे हे वरच्या बँडचे एक लक्षण आहे. दोन-तीन प्रयत्नांनंतर ती म्हणाली, "इट्स अ मॅगझिन, बट थिक लाइक अ बुक, अँड वुई गेट इट ओन्ली ॲट दिवाळी." लाल रेघेच्या एकाही शब्दाशिवाय हे वाक्य स्वच्छ उभे राहिले.

व्याकरणातली तिची मुख्य चूक मराठीतूनच आली होती, आणि ती आपल्यापैकी अनेकांची असते. "मी वाचत असते" हे मनात धरून ती प्रत्येक सवय "आय ॲम रीडिंग" अशी सांगत होती. सवयीसाठी "आय रीड", सुटलेल्या सवयीसाठी "आय यूज्ड टू रीड", आणि भूतकाळातले "रीड" स्पेलिंग तेच ठेवून "रेड" म्हणायचे, एवढ्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. कार्डासाठीच्या एका मिनिटात पूर्ण वाक्ये न लिहिता "नाइट, दिवा, बेल, फाटलेले पान" असे चार-पाच शब्दच टिपायचे, हेही ठरले.

चर्चेच्या सरावात मी तिला विचारले की सणाला मासिक काढण्याची ही रीत कशी पडली असेल. तिला कल्पना नव्हती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही परंपरा चालत आली, हे मी सांगितले. परीक्षेत तिने हे साल सांगावे अशी माझी अपेक्षा नव्हती. पण "टाइमपास" म्हणून आपण जे लपवत होतो ते शंभराहून अधिक वर्षे लाखो घरांत चाललेले वाचन आहे, हे कळल्यावर तिचा स्वर बदललेला मला स्पष्ट ऐकू आला. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे, केसपेपर, श्रावणात आजी मोठ्याने वाचते ती पोथी, हे सगळे तिने नंतर आपणहून वाचनाच्या हिशेबात धरले.

सात आठवड्यांनी तिने पुन्हा परीक्षा दिली. वाचनावर एकही प्रश्न आला नाही. कार्डावर विषय होता, कोणीतरी तुम्हाला दिलेला एखादा कपडा. पूर्वीच्या वहीत या विषयाचेही एक पान होते, त्यात एक महागडा कोट होता. मीनलने तो सोडून आईने पहिल्या नोकरीच्या वेळी शिवून दिलेल्या पांढऱ्या कोटाविषयी सांगितले. त्याचा डावा खिसा आईने मुद्दाम खोल ठेवला होता, कारण वाकताना पेन पडतात अशी मुलीची तक्रार होती. दोन मिनिटे संपल्याचे परीक्षकालाच सांगावे लागले. संभाषणात तिला ७.५ मिळाले.