पेढे तूच का वाटायचे?

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, ग्रॅज्युएट मी झाले, मग पेढे मीच का वाटायचे? तिकडे न्यू जर्सीत तर सगळे मलाच भेटी देत होते." गंगापूर रोडवरच्या त्या अख्ख्या बिल्डिंगीत पेढे द्यायला आजी तुला धाडते आहे म्हटल्यावर हा प्रश्न पडणारच.

आपल्याकडे ज्याच्या घरी आनंद, त्याने दुसऱ्यांचं तोंड गोड करायचं. बारसं असो, नवी गाडी असो की दहावीचा निकाल. आधी देवापुढे, मग घरातल्या मोठ्यांना, मग शेजारीपाजारी. कारण यश एकट्याचं धरतच नाहीत. तुझे पाढे आजोबांनी व्हिडिओ कॉलवर घोकून घेतले. समारंभ इथे संध्याकाळी साडेसहाला होता, म्हणजे नाशिकला पहाटेचे चार. दोघंही आंघोळ करून फोनसमोर बसले होते. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी इथे रडत होते, आणि आजोबा सांगतात, आजीने तिकडे कडाकडा बोटं मोडली. तुझा केवढा अभिमान वाटला गं आम्हाला!

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा आजोबांनी मला आधी रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला नेलं. मग पेढे. शाळेच्या रिक्षावाल्या काकांनाही दिले. त्यांनी पहिलं विचारलं, "टक्के किती?" तुलाही विचारतील. जीपीए सांग, आणि तो चारपैकी असतो हेही सांग.

अजून एक. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, असा जुना रिवाज. तू झालीस तेव्हा आजीने हट्टाने पेढेच वाटले. लोक म्हणायचे, "वा, नातू झाला!" ती ठासून सांगायची, "नात झाली, म्हणून पेढे." त्याच दारांवर आता तू स्वतः पुडा घेऊन जाणार आहेस. आजी यादीतलं एकही घर का गाळू देत नाही, कळलं ना?

निघण्याआधी ती औक्षण करेल. तबकात निरांजन, सुपारी आणि तिची सोन्याची अंगठी असेल. ओवाळून होईपर्यंत पाटावरून उठू नकोस. मोठ्यांना वाकून नमस्कार कर. कुणी खाऊला म्हणून पैसे हातावर ठेवले तर घे, आणि कुणी दिले ते लक्षात ठेव. संध्याकाळी आजी विचारेल.

तुझी,
आई