वडिलांची जुनी जपानी बेस गिटार आहे, साधा ४५-१०५ चा सेट टाकला तर चालेल का?

प्रश्नात साल आलं, रंग आला, वडील साताऱ्यात ऑर्केस्ट्रात वाजवायचे हेही आलं. (४५-१०५ म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत.) स्केल, म्हणजे नटपासून (फ्रेटबोर्डाच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची वाजती लांबी, किती इंच ते मात्र कुठेच नाही, आणि ते कळल्याशिवाय तारांवर बोलणं फुकट आहे. मोजपट्टी घ्या. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंच आलं तर लाँग स्केल, ३० च्या आसपास आलं तर शॉर्ट. साठ-सत्तरच्या दशकातल्या टेस्को, गुयाटोन वगैरे जपानी बेस बऱ्याचदा शॉर्ट निघतात.

"जाड तार टाका, बेस भरून येतो" असं दुकानात सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. सांगली-मिरजेतल्या साउंडवाल्यांशी माझं याच वाक्यावरून वाजलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर. खालचा ई ४१.२ हर्ट्झचा. मांडवातले साधे बॉक्स तिथपर्यंत नीट उतरत नाहीत. ऐकू येतात ते ८२ आणि १२३ हर्ट्झचे स्वयंभू स्वर, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर धरतो. तार जाड तितकी ताठ. ताठ तारेचे हे वरचे स्वर चढे लागतात आणि लवकर विझतात. म्हणजे सूर भरत नाही, बोथट होतो. बेस वाढवायचाच तर अँपचा नॉब आहे, पिकअपची उंची आहे, आणि नेकच्या जवळ सरकणारा उजवा हात आहे.

जाड तारेनं जुन्या नेकचं काय होतं, ते मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रातून दुरुस्तीला आलेल्या बेसवर दिसलं. स्केल ३० इंच, नेकमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉडच (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) नाही. कुणीतरी त्यावर लाँग स्केलचा ५२-११० चा फ्लॅटवाउंड (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा) सेट कापून बसवलेला. लाँग स्केलची तार शॉर्टवर टाकली की बारीक होत जाणारा भाग नटच्या खूप पलीकडे पडतो आणि पूर्ण जाडीची तार खुंटीच्या खांबाला वळवावी लागते. तिथे फ्लॅटवाउंडची पट्टी उकलते. ई ची उकललेली होतीच, ए ची सुटायला लागली होती. तार नटात बसेना म्हणून खाचा कानशीनं रुंद केलेल्या. ब्रिजचे मागचे स्क्रू लाकडातून अर्धा मिलिमीटर वर आलेले. आणि नेक धनुष्यासारखी: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबला तर आठव्या फ्रेटवर जवळजवळ एक मिलिमीटर फट. ही ०.२५ ते ०.३५ हवी. फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, गिटारवाल्याकडे शोधत बसू नका.

ताणाचा हिशेब सरळ आहे. ४५-१०५ चा निकेल राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेला) सेट ३४ इंचावर चारही तारा मिळून ७५ ते ८५ किलोंनी नेक ओढतो. तोच सेट, तोच सूर, ३० इंचावर लावला तर ताण २२ टक्क्यांनी उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून शॉर्ट स्केलवर तारा सैल लागतात आणि लोक थोडी जाड घेतात, इथपर्यंत दुकानदाराचं बरोबर आहे. पण रॉड नसलेल्या पन्नास वर्षांच्या नेकला सैलच बरी. त्या बेसवर शेवटी शॉर्ट स्केलचाच कमी ताणाचा फ्लॅटवाउंड सेट गेला, आणि काही आठवडे ती अर्धा स्वर उतरवून ठेवली. अर्धा स्वर उतरवला की ताण आणखी ११ टक्के कमी होतो. नेक बरीच मागे आली, पूर्ण नाही.

नटच्या खाचा भरायला खाण्याचा सोडा आणि फेविक्विक. चिमूटभर सोडा दाबायचा, वर एक थेंब, लगेच दगड होतो. मग पुन्हा कोरायचं: १०५ ची तार २.६७ मिलिमीटर, ४५ ची १.१४, खाच तारेपेक्षा ०.१ ने रुंद ठेवा. तिसरा फ्रेट दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली की खोली झाली. आणि तळ खुंटीकडे उतरता पाहिजे. तो सपाट राहिला तर तार तळाला घासत झणझणते, तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीनं होतं तसं. मिरजेत त्याचे पैसे देतात, बेसवर ते कुणाला नकोय.

फ्लॅट की राउंड? सुरुवातीच्या फेंडर प्रिसिजन बेसवर, म्हणजे १९५१ पासून, फ्लॅटवाउंडच असायच्या. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्यानं १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट लावल्या आणि तुटेपर्यंत बदलल्या नाहीत. जाडवाले त्याचंच नाव घेतात, पण ती ३४ इंचाची, रॉडवाली नेक होती. द हू बँडच्या जॉन एंटविसलनं तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडबरोबर राउंडवाउंडचा कडक आवाज आणला तोही साठच्या दशकातच. म्हणजे "व्हिंटेज म्हणजे फ्लॅटच" हेही खुळच. फ्रेट बघून ठरवा. जुने फ्रेट निकेल सिल्व्हरचे, त्यावर स्टेनलेस राउंडवाउंड कानशीसारखी चालते. राउंडच हवी असेल तर शुद्ध निकेलची घ्या. भावगीत, लावणी, जुनी सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर फ्लॅट. एकदा घातली की वर्षानुवर्षं चालते, म्हणून महाग वाटली तरी परवडते. कमी ताणात थोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट भरवशाच्या, पण पाकिटावर तुमचं स्केल लिहिलेलं बघूनच.

तुमचं उत्तर: ३४ इंच, रॉड फिरतोय, फ्रेट ठीक, तर ४५-१०५ खुशाल टाका. रॉड पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवू नका, रात्रभर थांबा, मग पुन्हा मोजा. पावसाळ्यात बसवलेला सेटअप एप्रिलच्या उन्हात हलणारच. शॉर्ट असेल तर ब्रिजमधल्या तारेच्या गुंडीपासून नटपर्यंतचं अंतर मोजून शॉर्ट स्केलचाच सेट मागवा.

तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा, मग कापा. गोल गाभ्याची तार आधी कापली तर गुंडाळी सुटते. खांबाच्या पुढे चारेक इंच ठेवा, दोन-तीन वेढे, वरून खाली. जुन्या राउंडवाउंड दहा मिनिटं उकळून चार दिवस चमकतात, पण लगेच पुसून वाळवल्या नाहीत तर गंजतात. फ्लॅट उकळू नका, काही उपयोग होत नाही.

एक राहिलं. तुमची हॉफनरसारखी पोकळ पोटाची असेल, तर तिचा लाकडी ब्रिज नुसत्या तारांच्या दाबानं उभा असतो. चारही तारा एकदम काढल्या तर तो हातात येईल. आधी दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून जागा खुणवा, मग एकेक तार बदला. आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर ब्रिज थोडा मागे, उतरा लागला तर पुढे.