तीस बेडच्या हॉस्पिटलला वर्षातून एकदा इलेक्ट्रिकल चेकिंग पुरतं का?

नाही पुरत. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या सिव्हिलच्या आयसीयूत आग लागली आणि किमान अकरा जण गेले. हे आठवलं की वर्षाचा कागद फाईलला लावून गप्प बसावंसंच वाटत नाही.

घरात एसी रात्रीपुरता चालतो, आयसीयूत एसी, व्हेंटिलेटर, वॉर्मर चोवीस तास चालू, त्यामुळे पॅनलमधला एखादा स्क्रू जरा सैल झाला की तिथे गरम होतं, गरम-थंड होऊन आणखी सैल होतं, इन्सुलेशन जळतं, आणि एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतही नाही कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने (गरम जागा दाखवणाऱ्या) पॅनल बघा, भाड्यानेही मिळतो, दर तीन-चार महिन्यांनी तरी बघाच. शिवाय तिथे ऑक्सिजन असतो, त्यात साधी ठिणगीसुद्धा भडकते.

जनरेटर नुसता रिकामा चालवून टेस्ट झाली म्हणू नका, खरा लोड टाकून बघा (रिकामा चालवून आत कार्बन धरतो). यूपीएसच्या बॅटऱ्या उकाड्यात लवकर जातात, तेही बघा. अर्थिंग मे महिन्यात मोजा, जमीन कोरडी असताना खरा आकडा कळतो. आरसीसीबीचं (करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण महिन्याला दाबा, पण आधी सिस्टरांना सांगून, मशीन बॅटरीवर आहे ना बघून.

आणि बेडमागचे एक्स्टेंशन बोर्ड आजच काढा.