८९,९९९ वर अडकलेली मारुती

प्रश्न : बाबांची १९९७ सालची मारुती ८०० अजून आमच्याकडे आहे. सव्वा वर्षापूर्वी तिचा किलोमीटरचा आकडा ८९,९९९ वर अडकला. सगळे आकडे अर्धवट वर सरकलेत. स्पीडचा काटा मात्र नीट चालतो. शिवाय हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा सरकतो. इथला मीटरवाला म्हणतो, ‘अख्खं मीटर बदलू, किती किलोमीटर ठेवायचे तेवढं सांगा.’ बाबांचं म्हणणं, आकडा पुढे नेऊन बरोबर करून घ्यावा. भरलेल्या पेट्रोलचा हिशेब त्यांच्या डायरीत आहे. काका, काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी हसू आलं. मीटर अडकायला याहून चांगली जागा नाही! एरवी शेवटचं एकच चाक फिरत असतं. ८९,९९९ चे ९०,००० होताना पाचही चाकं एकदम ओढायची असतात. गरारीचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रीचा, दात आधीच कमजोर असेल तर तो नेमका तिथेच दगा देतो. माझ्या टेबलावर आलेली कितीतरी बंद मीटरं अशीच नऊ-नऊवर थांबलेली असायची.

काटा चालतोय म्हणजे केबल शाबूत आहे. गिअरबॉक्समधून येणारी केबल मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकता. चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते, केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो तुमचा स्पीड. किलोमीटरची चाकं त्याच दांड्यावरून, पण गरारीने फिरतात. म्हणून एक चालतं आणि दुसरं बंद पडतं. गरारी प्लास्टिकची, इतक्या वर्षांत ती सुकते, दात झिजतात नाहीतर भेग पडून ती दांड्यावर नुसतीच घसरते. (ज्या गाड्यांत ट्रिप मीटर आहे, तिथे चालत्या गाडीत ते शून्यावर आणायची सवयही गरारी खाते.)

अख्खं मीटर बदलायची गरज नाही. पण ही गरारी सुटी मिळणं कठीण. पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातलं त्याच जातीचं मीटर शोधा आणि त्यातली फक्त गरारी काढून आपल्या मीटरला लावून घ्या. घेण्याआधी दात मोजून दोन्ही जुळवा. एक दात कमी-जास्त झाला की सगळा हिशेब चुकतो.

मीटर उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मागची केबल खेचू नका. तिची चाप दाबून ती सोडवावी लागते. मीटरच्या पाठीला तांब्याच्या रेघांची पातळ पट्टी असते, ती पापडासारखी सांभाळा. कारागीर काटा उपसायला लागला तर आधी जागेची खूण करायला सांगा. डायलवर थिनर, पेट्रोल, स्पिरिट काहीही लावू देऊ नका. आकडे पुसून फडक्यावर येतात. मी हे एकदा केलंय. त्या गिऱ्हाइकाला दुसरं मीटर स्वतःच्या खिशातून द्यावं लागलं.

कारागीर जाणता असेल तर बसवण्याआधी ड्रिलवर तपासून देईल. जपानी मापाच्या मीटरात केबलचे ६३७ फेरे म्हणजे १ किलोमीटर. मिनिटाला ६३७ फेरे दिले की काट्याने ६० दाखवायला हवेत. केबलला ग्रीस लावाल तर हलकं लावा आणि मीटरकडची वरची दोन बोटं कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून वाटीत जातं आणि काटा थरथरायला लागतो.

पेट्रोलच्या काट्याचं दुखणं वेगळं आणि स्वस्त आहे. दिवे लावल्यावर काटा सरकतो म्हणजे बहुतेक अर्थिंग ढिलं. दिव्यांच्या करंटला परतीचा धड रस्ता मिळत नाही, मग तो काट्याच्या वाटेत घुसतो. मीटरची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला कसलीय तिथला गंज पॉलिश पेपरने घासा आणि स्क्रू आवळा. टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) बदलायला कुणी सांगितलं तर आधी हे करा. पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम खोटं बोलायला लागले तर मात्र त्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर बघायचा.

आता आकडा. ‘किती ठेवायचे’ हा प्रश्न मी फार ऐकलाय. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा एका दलालाच्या सांगण्यावरून एका फियाटचे ८४,००० मी ४८,००० केले होते. पाच-सहा महिन्यांनी तीच गाडी तुटलेल्या केबलसाठी माझ्याकडेच आली. मालक शाळामास्तर होते. मोठ्या कौतुकाने म्हणाले, ‘अट्ठेचाळीस हजारच चाललेली मिळाली बघा.’ केबल बसवली, पैसे घेतले नाहीत, आणि मान वर करून बोललोही नाही. तेव्हापासून चाकं मागे फिरवणं बंद. विकताना असा आकडा दाखवणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

बाबांचं म्हणणं उलट आहे, त्यांना आकडा वाढवायचाय. त्यात खोट नाही. तरीही मी तो हलवला नसता. चाकांच्या मधल्या छोट्या फिरक्या एकदा काढल्या की आकडे पुन्हा एका ओळीत क्वचितच बसतात, आणि वाकडेतिकडे आकडे दिसले की पारखी गिऱ्हाईक आधी मीटर फिरवल्याचाच संशय घेतं. खरं कोण ऐकून घेणार? अडकलेली चाकं सरळ करून ९०,००० वर आणा आणि तिथून चालू द्या. मधला हिशेब डायरीत राहू दे. समजा, बंद काळात ४१२ लिटर पेट्रोल गेलं आणि गाडी लिटरला १६ देते, तर ६,५९२ किलोमीटर झाले. डायरीतलं ते पान, दुरुस्तीची पावती आणि उतरवण्याआधी काढलेला मीटरचा फोटो गाडीच्या कागदांत ठेवा. कधी विकलीत तर घेणाऱ्याच्या हातात द्या.

गाडी परत आली की हायवेला साताऱ्याच्या दिशेने जा. एका किलोमीटरच्या दगडापाशी आकडा टिपा आणि दहा दगड मोजा. बाबांना शेजारी बसवा, डायरी त्यांच्याकडे असू दे. दहाला दहा आले तर गरारी बरोबर बसली. नऊ किंवा अकरा आले तर दात मोजण्यात चूक झालीय. मीटर पुन्हा खोलायला लावा, आणि त्याचे वेगळे पैसे देऊ नका.